एकांकिकेनंतरची पहिली वर्षं: नाटक, कॅमेरा आणि तारखांची वही

प्रश्न असा आहे: चंद्रपूरकडच्या कॉलेजात चार वर्षं एकांकिका केल्या, युवक महोत्सवात बक्षिसं मिळाली, हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. आता मुंबईला जाऊन हेच काम करायचं आहे. आधी नाटक धरावं की थेट मालिकांच्या ऑडिशन द्याव्यात? आणि सुरुवातीच्या वर्षांत नेमकं काय करावं?

माझं उत्तर: पहिली दोन वर्षं झुकतं माप नाटकाला द्या, घरभाडं कॅमेऱ्याकडून काढा, आणि दोन्हींच्या तारखा पहिल्या दिवसापासून एकाच वहीत लिहा.

नाटक आधी का, याचं कारण सरावाच्या हिशेबात आहे. स्पर्धेची एकांकिका अगदी गाजली तरी प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, दोन-चार खुल्या स्पर्धा आणि फार तर २५ जानेवारीच्या रात्रीची 'सवाई' ही एकांकिका स्पर्धा धरून तिचे दहा-पंधरा प्रयोग होतात. मालिकेतलं दृश्य एकदा चित्रित झालं की त्यातलं वाक्य पुन्हा कधीच बोलायचं नसतं. व्यावसायिक नाटकात तेच वाक्य तुम्ही शंभर वेळा, शंभर वेगळ्या प्रेक्षागृहांत बोलता. दादरच्या शिवाजी मंदिरात जिथे हशा येतो, तिथे डोंबिवलीत शांतता मिळते आणि मडगावच्या रवींद्र भवनात भलत्याच शब्दावर टाळी पडते. पंधरा-वीस प्रयोगांत वाक्य तोंडात बसतं. आणखी काही प्रयोगांनी ते मरतं. तुम्ही बोलत असता आणि डोक्यात परतीच्या लोकलचं वेळापत्रक असतं. तिथून पुढे ते पुन्हा जिवंत करायला शिकावं लागतं. कॅमेऱ्यासमोर सातवा टेक देताना हेच शिक्षण उपयोगी पडतं आणि ते मिळायला लांब चाललेलं नाटकच लागतं.

डॉ. श्रीराम लागूंची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९६९ मध्ये कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी ओलांडली होती. २३ डिसेंबर १९७० ला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये 'पिंजरा' चित्रपट आला. बाहेरून पाहिलं तर तीन वर्षांत सगळं घडलं. पण त्यामागे पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेत वर्षानुवर्षं केलेलं हौशी काम होतं. दुसरं उदाहरण 'टूरटूर'चं. १९८३ च्या या नाटकात लक्ष्मीकांत बेर्डे, प्रशांत दामले, विजय कदम, चेतन दळवी अशी तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली मुलं एकत्र होती. दोन वर्षांत 'धूमधडाका' चित्रपट आला आणि बेर्डे घराघरांत पोहोचले. हशा कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, याचं त्यांचं शिक्षण मात्र प्रयोगांत झालं होतं.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या, तिथून चित्रपटात गेल्या. त्यामुळे नाटकाशिवाय नट घडत नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या हातात आज जे आहे ते रंगमंचाचं आहे, म्हणून आधी ते पक्कं करा, एवढाच मुद्दा आहे.

तुम्ही चंद्रपूरकडचे आहात म्हणून एक विचारतो: झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा, हंगाम केला आहे का? दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपणारा, वडसा म्हणजे देसाईगंजमधून चालणारा हा व्यवसाय आहे. मंडईला म्हणजे गावच्या जत्रेला, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला, थंडीत रात्रभर चालणारं नाटक आणि समोर शेतातून चालत आलेला प्रेक्षक. एका हंगामात जितके प्रयोग पदरी पडतात तितके मुंबईत नव्या माणसाला दोन वर्षांत मिळत नाहीत. तिथल्या सवयीने आवाज आणि हातवारे मोठे होतात हे खरं. पण मोठं लहान करता येतं. पोकळ असेल ते भरायला फार वेळ लागतो. अजून केला नसेल तर मुंबईआधी एक हंगाम जरूर करा.

नाट्यशिक्षणाचं थोडक्यात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पणजीला कला अकादमी, कॅमेऱ्याच्या अभिनयासाठी पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट). दोन-तीन वर्षं घरून आधार मिळणार असेल तर जा. तिथे मिळणारे सहकारी पुढची वीस वर्षं पुरतात. पंधरा दिवसांच्या महागड्या 'ॲक्टिंग वर्कशॉप'मधून कामं मिळतील या आशेवर पैसे घालू नका.

आता व्यावसायिक नाटकात शिरायचं कसं? नव्या माणसाला बहुतेक वेळा दार उघडतं ते रिप्लेसमेंटने, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून. चालू नाटकातल्या दुय्यम भूमिकेच्या नटाला मालिका मिळते, निर्मात्याने पुढच्या दोन महिन्यांच्या नाट्यगृहांच्या तारखा घेऊन ठेवलेल्या असतात, जाहिराती गेलेल्या असतात, आणि आठ-दहा दिवसांत माणूस हवा असतो. तेव्हा निर्माता ऑडिशन लावत बसत नाही, सूत्रधाराला विचारतो. इथे सूत्रधार म्हणजे नांदी म्हणणारा नव्हे, तर तारखा, बस, मानधनाची पाकिटं, नाट्यगृह हे सगळं सांभाळणारा व्यवस्थापक. तो आणि दिग्दर्शकाचा सहायक, या दोघांच्या फोनमध्ये तुमचं नाव असायला हवं. त्यासाठी नाटकं पाहा, प्रयोग संपल्यावर पाच मिनिटं भेटा, आणि नंतर एकच नीट संदेश पाठवा: नाव, वय, उंची, कुठल्या बोली येतात, गाणं येतं का, कुठे राहता, दोन फोटो आणि एकांकिकेतल्या तुमच्या दोन मिनिटांच्या तुकड्याची लिंक. 'सर, काही काम असेल तर सांगा' या संदेशाला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. बोलीचा उल्लेख आवर्जून करा. वऱ्हाडी आणि झाडी खरी बोलणारा माणूस दादरच्या तालमीत सहज सापडत नाही.

रिप्लेसमेंट मिळाली की हे करा. पहिल्या दिवशी संहितेची चालू प्रत मागा. छापील पुस्तक किंवा पहिल्या वाचनाची प्रत घेऊन पाठांतर करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. वीस-पंचवीस प्रयोगांत वाक्यं कापली जातात, जागा बदलतात, एखादा प्रवेशच उडतो. मग प्रयोग दोनदा पाहा. एकदा प्रेक्षागृहातून, फक्त तुमच्या पात्राकडे बघत, ते बोलत नसतानासुद्धा. दुसऱ्यांदा विंगेतून, ज्या बाजूने तुमची एन्ट्री आहे त्या बाजूला उभं राहून. दिग्दर्शकाची परवानगी असेल तर फक्त आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको; तो बाहेर गेला तर नाव तुमचं येतं.

संहितेच्या डाव्या कोऱ्या पानावर नेपथ्याचा नकाशा काढा: सोफा, जेवणाचं टेबल, बाहेरचं दार, आतलं दार. त्यावर हालचालींना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक उजवीकडे वाक्यातल्या नेमक्या शब्दावर लिहा. एन्ट्रीचा क्यू, म्हणजे ज्या शब्दावर किंवा इशाऱ्यावर आत यायचं तो, लाल पेन्सिलीने, हातात येणारी-जाणारी वस्तू निळ्याने. स्वतःची वाक्यं पाठ करण्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द पाठ करा, कारण प्रयोगात तुम्हाला तेच ऐकू येणार आहेत. पाठांतर सपाट, भावनेशिवाय करा. सुरात पाठ केलेलं वाक्य समोरच्याने वेगळा सूर लावला की कोसळतं.

आधीच्या नटाची नक्कल करू नका, पण त्याच्या जागा आणि त्याचे थांबे पहिल्या पाच प्रयोगांत बदलूही नका. प्रकाशाचे क्यू त्याच्या थांब्यांवर बसवलेले असतात, संगीत त्याच्या वळण्यावर येतं. तुम्ही अर्धं पाऊल मागे उभे राहिलात तर चेहरा अंधारात जातो आणि सहनटाला पाठमोरं व्हावं लागतं. सगळ्या संचाबरोबरची पूर्ण तालीम तुम्हाला बहुधा एकच मिळते, तीही खुर्च्या मांडून. त्यात भावनिक प्रसंग घोळवत बसू नका. त्या दोन-अडीच तासांत सगळ्या एन्ट्री-एक्झिट, झटापट, वस्तूंची देवाणघेवाण आणि ब्लॅकआउटमधल्या हालचाली मागून घ्या. ब्लॅकआउटमध्ये सोफ्यापासून विंगेपर्यंत किती पावलं, हे मोजून ठेवा. पहिल्याच प्रयोगात टीपॉयवर नडगी आपटते ती न मोजल्यामुळे. कपडे आधीच्या नटाचे आटवून मिळतात. चपला-बूट मात्र स्वतःच्या मापाचे घ्या आणि ते लेव्हलवर, म्हणजे नेपथ्यातल्या उंच लाकडी चौथऱ्यावर, चालताना खाडखाड वाजतात का ते ऐका.

पहिल्या प्रयोगात तुमचा वेग वाढणार हे गृहीत धरा. वाढलेल्या वेगाने आधी मारला जातो तो हशा. हशा वर चढतो, माथ्यावर येतो आणि ओसरू लागतो. तो ओसरून निम्मा झाला की पुढचं वाक्य घ्या. माथ्यावर बोललात तर वाक्य ऐकू जात नाही आणि प्रेक्षक पुढच्या वेळी हसणं आवरतो. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर खड्डा पडतो. त्या दोन-तीन सेकंदांत पुतळा होऊ नका, हातातलं काम चालू ठेवा. वाक्य विसरलात तर विंगेकडे बघू नका. कथेला लागणारी पुढची माहिती कोणती, एवढंच आठवा आणि तिथे उडी मारा. सहनट सांभाळून घेतो. पदरची विनोदी वाक्यं घालायचा मोह पहिल्या वर्षात टाळा. सहनटाचा क्यू त्याने बिघडतो, आणि नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र घेतलेलं असतं, हेही विसरू नका.

आवाजाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण एकांकिकेतून आलेल्या मुलांचं इथेच सगळ्यात जास्त चुकतं. स्पर्धेत परीक्षक जवळ बसलेले असतात आणि सगळा संच वरच्या पट्टीत असतो. बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत तेच करायला गेलं की घसा ओरडायला लागतो. फूटमाइक आणि टांगलेले माइक असतात, पण चेहरा मागे वळला की ते आवाज गिळतात आणि पावलांची धडधड मात्र इमानाने पोहोचवतात.

'मी त्याला पैसे दिले नाहीत.' हे साधं वाक्य घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. नव्या नटाचा श्वास 'पैसे'पाशी संपत आलेला असतो, 'दिले' खाली पडतं आणि 'नाहीत' ओठांतच राहतं. विसाव्या रांगेत ऐकू जातं ते 'मी त्याला पैसे दिले'. म्हणजे कथानकच उलटं झालं. उपाय ओरडण्याचा नाही. वाक्य सुरू करण्याआधी श्वास पोटातून भरून घ्या आणि तो 'नाहीत'साठी राखून ठेवा. घरी सरावासाठी वाक्य उलट्या क्रमाने बांधा: आधी 'नाहीत', मग 'दिले नाहीत', मग 'पैसे दिले नाहीत', आणि शेवटी पूर्ण वाक्य. पंधरा दिवस रोज वीस वाक्यं अशी केलीत की शेवटचा शब्द न ढकलता पोहोचू लागतो.

रविवारी दोन प्रयोग असतील तर सकाळी पंधरा मिनिटं बंद ओठांनी गुणगुणणं आणि ओठ फुरफुरवणं पुरेसं आहे. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. सरळ गप्प राहा. सारखं खाकरणं सोडा, घोटभर पाणी प्या. कर्कशपणा दोन-तीन आठवड्यांनंतरही राहिला तर ज्येष्ठमध चघळत बसण्यात वेळ घालवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. गाठी लवकर लक्षात आल्या तर आवाजाच्या व्यायामांनी सुधारणा होऊ शकते.

आता तेच वाक्य कॅमेऱ्यासमोर. 'मी त्याला पैसे दिले नाहीत.' छातीवर कपड्याआड माइक चिकटवलेला आहे, कॅमेरा क्लोजअपवर आहे. इथे 'नाहीत' पोहोचवायला गेलात तर ते भाषण वाटतं. वाक्य पडलं तरी चालतं, पण ते बोलण्याआधीचा विचार डोळ्यांत दिसायला हवा. नाटकातून येणाऱ्यांची नेहमीची खोड म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर मान हलवणं आणि भुवया उचलणं. ती मोडायला सोपा उपाय आहे. फोन समोर ठेवून तेच वाक्य हनुवटी स्थिर ठेवून पाच वेळा म्हणा, आवाज बंद करून चित्र पाहा. काय वाटतंय हे आवाजाशिवाय कळलं तर ठीक, नुसती हालचालच दिसली तर पुन्हा.

सेटवरची बाकीची बाब यंत्राची आहे आणि ती शिकून येते. आधी मास्टर म्हणजे सगळं दृश्य एकत्र दाखवणारा शॉट होतो, मग ओव्हर-शोल्डर म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला, मग क्लोजअप. दोन-तीन कॅमेरे एकदम लावलेले असतील तर काही गोष्टी एकत्र उरकतात. दृश्य रडण्याचं असेल तर सहायकाला आधी विचारा की तुमचा क्लोज कधी आहे. मास्टरमध्ये सगळे अश्रू संपवून क्लोजला कोरडे डोळे घेऊन बसणं, हे नाटकाच्या नटाचं हमखास होणारं नुकसान आहे. चहाचा कप कुठल्या शब्दावर उचलला हे पहिल्या टेकपासून पक्कं ठेवा. मास्टरमध्ये 'पैसे'वर उचलला आणि क्लोजमध्ये 'दिले'वर, तर संकलक तुमचा चांगला क्लोज टाकून देऊन दुसरा शॉट लावतो. म्हणून सुरुवातीला हातात कमीत कमी वस्तू घ्या. खाली चिकटवलेल्या मार्कवर न बघता यायला शिका: मार्कपासून उलटं चालत चार पावलं मोजायची आणि तिथून सुरुवात करायची.

मालिकेत दृश्यं क्रमाने होत नाहीत आणि कागद कधीकधी चित्रीकरणाआधी पंधरा मिनिटं हातात पडतो. त्या पंधरा मिनिटांत शब्द घोकू नका. दृश्यात माझ्याकडे आलेली नवी माहिती कोणती, मला समोरच्याकडून काय हवं आणि शेवटी ते मिळतं का, हे तीन टप्पे पकडा. शब्द त्यांच्याभोवती लवकर बसतात. एक छोटी वही ठेवा: भाग क्रमांक, दृश्य क्रमांक, आधीच्या दृश्यात पात्र कुठे होतं, कोणते कपडे, केस कसे. कंटिन्युटीचा, म्हणजे दृश्यांतला सलगपणा सांभाळणारा, सहायक हे पाहतोच, पण सकाळी रडून निघालेलं पात्र दुपारी कुठल्या मनःस्थितीत दार उघडतं हे त्याच्या वहीत नसतं.

ऑडिशन हल्ली बहुतेक घरूनच पाठवावी लागते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. मागे साधी एकरंगी भिंत आणि तिच्यापासून तुम्ही दोन-तीन फूट पुढे. प्रकाश समोरच्या खिडकीचा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. फोन अगदी जवळ ठेवला तर नाक मोठं दिसतं, म्हणून पाच-सहा फूट लांब ठेवून थोडा झूम घ्या आणि चौकट छातीपासून वर ठेवा. अंतर वाढल्याने आवाज घुमतो, तेव्हा एक साधा कॉलर माइक घ्याच. पंखा बंद. परिचयात नाव, वय, उंची, शहर, भाषा आणि मागितलं असेल तर तारखांची उपलब्धता, मग डावी-उजवी बाजू दाखवा. समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी बसवा, त्याने हळू वाचावं. नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो आणि तुम्ही त्याच्या सुरात वाहून जाता. सांगितलं नसेल तर लेन्समध्ये बघू नका. दोन टेक पाठवा आणि ते खरोखर वेगळे असू द्या. फाइलला तुमचं नाव, भूमिकेचं नाव आणि उंची असं नाव द्या. 'ऑडिशन फायनल' या नावाच्या फाइलींचा ढीग समोरच्याकडे आधीच असतो. फोटोंना फिल्टर लावू नका. लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात पाहायला बोलावतात तेव्हा, समोर आलेला चेहरा फोटोशी जुळला नाही तर तिथेच काम जातं.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी, 'कार्ड' काढून देण्यासाठी किंवा अमुक ठिकाणीच पोर्टफोलिओ काढा म्हणून पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. को-ऑर्डिनेटरचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन काम झाल्यावर, मिळालेल्या पैशांतून जातं, साधारण दहा ते वीस टक्के. रात्री हॉटेलवर ऑडिशनला बोलावलं तर जायचं नाही. मुलगा असो की मुलगी. जायचं ते दिवसा, ऑफिसात, कुणाला तरी पत्ता कळवून.

पैशांचं गणित आधीच मांडा. नाटकात मानधन प्रयोगावर मिळतं, त्याला नाइट म्हणतात. तालमींचे पैसे बऱ्याच ठिकाणी नसतात, म्हणून किमान प्रवासखर्च आणि दौऱ्यातलं राहणं-जेवण आधी विचारून घ्या. मालिकेत दिवसावर ठरतं आणि पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात. समजा, दिवसाचे ३,००० रुपये ठरले आणि महिन्यात १२ दिवस काम झालं. ३६,००० झाले. त्यातून १० टक्के कर कापला जातो, म्हणजे ३,६००. को-ऑर्डिनेटर १५ टक्क्यांचा असेल तर ५,४००. हातात २७,००० येतात, आणि जूनमधलं काम असेल तर ते सप्टेंबरअखेर. तोपर्यंत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं द्यायचंच आहे. म्हणून मुंबईत येताना निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा. खोली तिघांत मिळून ठाणे-कळवा किंवा डोंबिवलीकडे घेतलीत तर हा आकडा आवाक्यात राहतो. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का ते दर तिमाहीला तपासा आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. पुष्कळ नवे नट हे पैसे वर्षानुवर्षं तसेच सोडून देतात. दर दिवसाच्या कामाची तारीख, शिफ्टची सुरुवात आणि सुटका लिहून ठेवा. बिलावरून वाद झाला तर सिंटासारख्या कलाकार संघटनेकडे जाताना हीच नोंद लागते.

मधल्या काळात डबिंग, आकाशवाणी, जाहिरातींचा आवाज, शाळांतली नाट्यशिबिरं ही कामं घ्या. डबिंग तर खास. दुसऱ्याच्या ओठांवर स्वतःचं वाक्य बसवताना श्वास कुठे घ्यायचा हे फार बारकाईने कळतं. जाहिरातीचं काम मिळालं तर ती किती काळ आणि कुठे कुठे दाखवणार हे लेखी घ्या. एका दिवसाच्या पैशांत पाच वर्षं चेहरा वापरला जाऊ शकतो.

आणि तारखा. नव्या नटाला लोक अभिनयासाठी एकदा बोलावतात. दुसऱ्यांदा बोलावतात ते त्याची तारीख शब्दाप्रमाणे पाळली जाते म्हणून. नाटक मुख्यतः शनिवार-रविवारी, मालिकेला सुट्टीचा वार ठरलेला नसतो, आणि भाग प्रक्षेपित होण्याच्या घाईत मालिकाच वरचढ ठरते. म्हणून मालिकेच्या करारावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. महिन्याला किमान किती दिवसांचं काम? चालू नाटकाच्या प्रयोगांसाठी किती तास आधी सोडणार? दुसरं काम करायला बंदी आहे का, आणि असेल तर किती काळ? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच दिवशी 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' असा संदेश पाठवून ठेवा. नाटकाच्या तारखांची यादी महिनाभर आधी मालिकेच्या शेड्युल करणाऱ्याला द्या आणि पंधरा दिवस आधी पुन्हा आठवण करा.

अंतराचा हिशेब प्रामाणिक ठेवा. घोडबंदर रोडला सेट आणि दादरला रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर साडेसहा-सातला ग्रीनरूममध्ये पोहोचायचं म्हणजे साडेचारला सेट सोडायला हवा. 'पाचपर्यंत सोडतो' म्हणजे मेकअप काढून गाडीत बसेपर्यंत साडेपाच. दुपारी चारचा प्रयोग असलेल्या दिवशी सकाळची शिफ्ट घेऊच नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. एकदा दिलेली तारीख पुढे मोठं काम आलं म्हणून फिरवायची असेल, तर आधी पहिल्या निर्मात्याला स्वतः फोन करा, रिप्लेसमेंटचं नाव सुचवा आणि त्याच्या तालमीला स्वतः उभे राहा. परस्पर बातमी गेली तर तुमचं नाव त्या सूत्रधाराच्या यादीतून जातं, आणि त्याच्याकडे एकाच वेळी तीन-चार नाटकं असू शकतात.

कधी यायचं, हेही ठरवा. झाडीपट्टीचा हंगाम होळीच्या सुमारास संपतो. त्यानंतर एप्रिलमध्ये या. मेच्या सुट्टीत प्रयोग भरपूर लागतात, दौरे असतात, कुणी ना कुणी आजारी पडतं किंवा मालिकेत अडकतं, आणि रिप्लेसमेंटची गरज तेव्हाच निघते. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ आणि ठाण्याचं गडकरी या चार नाट्यगृहांतली चार नाटकं पाहा, तिकीट काढून. प्रत्येकात वयाने, अंगकाठीने तुम्हाला शोभेल अशी एक भूमिका हेरा आणि तिची एन्ट्री, मुख्य वाक्यं आणि हालचाली घरी येऊन वहीत लिहून काढा. त्यातल्या एखाद्या नाटकाचा फोन जूनच्या आत आलाच, तर दहा दिवसांचं काम सहा दिवसांत होईल.